सायकलच्या ट्यूबची पट्टी

हर्षाची व्हॅन तिच्या बापाने दिलेली होती आणि कागदांवर नावही तिचंच होतं. बाप खेमराज लाखांदूरच्या रस्त्यावर तीस वर्षं काळी-पिवळी चालवून गुडघ्यांमुळे घरी बसला होता. पोरीचा हात स्टिअरिंगवर चांगला बसतो म्हणून तिला गाडी शिकवली, असं तो चारचौघांत सांगायचा. हर्षाचं सासर अड्याळचं. नवरा भूषण बोअरवेलच्या गाडीवर तेलंगणात, वर्षातून दोनदा घरी. घरात सासरे सोमाजी, सासू सुंदरबाई आणि दीर प्रितम. प्रितमने आयटीआय केलं होतं, दोन नोकऱ्या धरून सोडल्या होत्या, आणि तिसरीची वाट पाहत तो पिंटूच्या गॅरेजवर खर्रा चघळत बसे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार हर्षा तीन पेशंट घेऊन भंडाऱ्याला जाई. किडनीचे पेशंट. दवाखान्यात चार तास मशीनला लागून रक्त साफ करून घ्यायचं, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस निघत. परतताना त्यांच्यात एसटीत उभं राहण्याचं त्राण नसे. त्यांतल्या शकुंतलाबाई पुढच्या सीटवर बसत, हर्षाच्या बाजूला. डावा हात त्या कायम मांडीवर, पदराखाली ठेवत. त्या हातात डॉक्टरांनी ऑपरेशन करून मोठी नस तयार केली होती, मशीनच्या सुया तिच्यातच जात. "हा हात गेला का मी गेली," त्या म्हणत, आणि ते त्या गमतीने म्हणत नसत.

संक्रांत झाली आणि गाडीत आवाज सुरू झाला. गतिरोधकावरून उतरलं की खालून 'ठक'. आठवडाभरात लहानशा खड्ड्यालाही 'ठक ठक'. आवाजाचं एक वेळ चालून गेलं असतं, पण स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तरी गाडीला कळेना, आणि कळलं की ती एकदम झुके. बापाने शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, की गाडी बोलते तेव्हा ऐकावं. हर्षाने दुसऱ्याच दिवशी गाडी पिंटूकडे नेली.

पिंटूने चौकापर्यंत एक चक्कर मारली, उतरला आणि हर्षा समोर उभी असताना प्रितमकडे पाहून बोलला. "काही नाही रे. रोडच तसा आहे. वहिनीले सांग, गड्ड्यात नोको घालत जाऊ."

"गड्ड्याचं नाही, पिंटूभाऊ," हर्षा म्हणाली. "स्टिअरिंग फिरवते तं चाक मागाहून फिरते. खालून खोलून पाहा."

"पाहतो ना. ठेवून जा बुधवारी."

बुधवारी पेशंट असतात हे त्याला माहीत होतं. तिने गुरुवारी गाडी ठेवली. संध्याकाळी प्रितम गाडी घेऊन घरी आला, किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "झालं वहिनी. रॅकचे बुश गेलते, पिंटूनं बदलवून देल्ले."

रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं दोन्ही चाकांपर्यंत नेणारा आडवा भाग. तो गाडीला दोन ठिकाणी पट्ट्यांनी आवळलेला असतो आणि पट्ट्यांखाली जाड रबराचे बुश असतात. रबर झिजलं की आख्खा रॅकच जागेवर हलतो. हर्षाला एवढं ठाऊक होतं. नवे बुश बसले म्हटल्यावर ती निश्चिंत झाली, आणि खरोखरच दहा-बारा दिवस गाडी गप्प राहिली.

मग वाटेतल्या पहेला गावाच्या अलीकडे, एका सकाळी, पुन्हा 'ठक'.

शकुंतलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आला वो परत."

"तुम्हाले ऐकू आला ना, काकू?"

"माह्या पायाखालीच होते ना ते. हातापर्यंत झटका येते."

त्या दुपारी हर्षा थेट गॅरेजवर गेली. पिंटू एका ट्रॅक्टरखाली पाठीवर पडून काम करत होता, फक्त पाय बाहेर. बाकावर चार-पाच जण बसलेले. प्रितम उठला आणि "आणा, मीच पाहतो" म्हणून व्हॅन घेऊन गेला. पाच मिनिटांत परत आला.

"काही नाही वहिनी. नवे बुश आहेत, आवाज येईनच कसा? आवाज तुमच्या कानात आहे."

बाकावरचे हसले. एक जण म्हणाला, बायकांले गाडीपेक्षा गाडीचा आवाज जास्त. ते पुन्हा हसले. ट्रॅक्टरखाली पान्याचा आवाज थांबला होता, पण पिंटू बाहेर आला नाही. हर्षाने प्रितमच्या हातातून किल्ली घेतली. घरी येईपर्यंत तिचे दात एकमेकांवर इतके दाबले गेले होते, की जबडा दुखायला लागला होता.

रात्री तिने भूषणला फोन केला. तिकडे मशीनची घरघर होती. "प्रितम म्हणते ना नवे बुश टाकले, मंग?" तो म्हणाला. "त्यानं आयटीआय केलं आहे, हर्षा." तिने फोन ठेवून दिला.

पुढच्या सोमवारी रिकामी गाडी घराकडे वळवताना स्टिअरिंग उशिरा लागलं आणि डाव्या बाजूचा आरसा उभ्या ट्रॉलीला घासून फुटला. फक्त आरसाच, पण गावात ते जेवणाच्या आत घरोघरी पोचलं. सोमाजी ओसरीवर वाट पाहत बसले होते. वागायला ते वाईट नव्हते, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि म्हणूनच त्यांनी ठरवलेलं कधी फिरत नसे.

"किल्ली दे, हर्षा."

"मामाजी, स्टिअरिंगमध्ये बिघाड आहे. मी महिनाभरापासून..."

"पिंटूनं पाहलं, प्रितमनं पाहलं. आता आणखी कोण पाहायचं राहिलं? आजारी माणसं असतात गाडीत. परवापासून प्रितम नेईन."

"गाडी माह्या नावावर आहे."

"नावावर आहे, मी कुठं नाही म्हणतो? चालवन तो."

सुंदरबाई आत भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. हर्षाने किल्ली सोमाजींच्या हातात न देता ओसरीवर, त्यांच्या पायांजवळ ठेवली. त्याच संध्याकाळी ती शकुंतलाबाईंच्या घरी जाऊन आली. म्हणाली, काकू, बुधवारी एसटीनं जा. त्या म्हणाल्या, येताना कोण धरंल मले? तेवढ्यावर विषय संपला.

बुधवार निभावला. शुक्रवारी साडेआठच्या सुमाराला सोमाजींचा फोन वाजला आणि त्यांचा चेहरा पाहूनच हर्षाने चप्पल पायात घातली.

कालव्याजवळच्या वळणावर व्हॅन रस्ता सोडून उन्हाळी धानाच्या शेतात, बांधीत उतरली होती. पुढची दोन्ही चाकं चिखलात, तोंड खाली. शेजारच्याच्या मोटरसायकलवर हर्षा पोचली, मागोमाग सोमाजी. मागच्या सीटवरचे दोघे सुखरूप होते, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून पाणी पीत होते. शकुंतलाबाई अजून गाडीतच होत्या. डावा हात उजव्या हाताने धरलेला, कोपराखाली सुजून निळा पडलेला. समोरच्या डॅशबोर्डवर तोच आपटला होता.

"थरथर बंद झाली," त्या हळूच म्हणाल्या.

त्या नसेत रक्ताची एक थरथर बोटाला लागत असे. रोज सकाळी त्या तिथे बोट ठेवून पाहत, तशी डॉक्टरांची ताकीदच होती. हर्षाने बोट ठेवलं. काही लागलं नाही.

तिने रस्त्यावर उभं राहून भंडाऱ्याकडे जाणारी एक जीप थांबवली. शकुंतलाबाईंना पुढे आणि बाकी दोघांना मागे बसवलं, आणि दवाखान्यातल्या सिस्टरला फोन करून नसेचं सांगितलं. मग ती वळली.

प्रितम बापासमोर उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल. "बाबा, माही चूक नाही. स्टिअरिंगच लूज आहे. मी वळवलं, गाडी वळलीच नाही. खालून ठकठक करते आणि मंगच वळते."

सोमाजींनी मान हलवली. "मंग खोलूनच पाहा लागंल. पिंटूले बोलाव."

बस, एवढंच. महिनाभर तिने जे सांगितलं ते ह्याने एकदा सांगितलं, आणि खोलून पाहायचं ठरलं. हर्षा धुऱ्यावरून खाली उतरली, धानात, पायात चप्पल तशीच.

"मामाजी, हेच मी सांगून राहिली होती. शब्द न् शब्द हेच."

"हाव, पण तवा..."

"तवा काय? तवा माह्या कानात होता ना आवाज? आता याच्या कानात नाही का?"

प्रितम म्हणाला, "वहिनी, आता इथं तमाशा नोको."

"तमाशा मी नाही केला. त्या बाईचा हात गेला." तिचा आवाज फाटला आणि ते तिला आवडलं नाही, म्हणून ती थांबली. मग हळू म्हणाली, "पिंटू माह्या गाडीले हात लावणार नाही. किल्ली द्या."

प्रितमने बापाकडे पाहिलं. सोमाजींनी मान हलवायच्या आधीच तिने ती त्याच्या हातातून ओढून घेतली.

बांधीवाल्याचा ट्रॅक्टर लावून तिने व्हॅन वर काढली आणि तशीच ओढत यादोरावांच्या अंगणात नेली. यादोराव एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. बाप खेमराजची काळी-पिवळी शेवटची काही वर्षं त्यांच्याच देखभालीवर चालली होती. माणूस तुसडा होता. रिकामं बसलेलं गिऱ्हाईक त्यांना खपत नसे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. चिखल धुतला, पुढची बाजू जॅकवर उचलून लोखंडी घोड्या लावल्या, दोनदा हलवून खात्री केली आणि तिच्या हातात बॅटरी दिली.

"जा खाली."

"मी?"

"महिनाभर तू सांगून राहिली म्हणते ना? मंग तूच पाह्य. मी वरून स्टिअरिंग हलवतो."

पोतं अंथरून ती गाडीखाली सरकली. बॅटरीचा उजेड रॅकवर धरला. यादोरावांनी वरून स्टिअरिंग थोडं डावीकडे फिरवलं, थोडं उजवीकडे फिरवलं. रॅक पट्ट्यांच्या आत डावी-उजवीकडे सरकला, बोटभर. 'ठक.' पडायला आलेल्या दातासारखा तो जागेवर डुगडुगत होता. चाकं मात्र हलली नव्हती. रॅकचं सरकणं संपलं, मगच ती हलली.

तिने तीनदा पाहिलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो फक्त राग.

"दिसलं का?" वरून आवाज आला.

"दिसलं."

"मंग बोल्ट सोड. उगीच झोपून नोको राहू."

बोल्ट गंजलेले होते. यादोरावांनी तेल सोडायला लावलं, पाना कसा धरायचा ते सांगितलं आणि स्वतः बाजूला उकिडवे बसून पाहत राहिले. पहिला बोल्ट सुटताना तिच्या बोटांची सालं निघाली. उजव्या बाजूचा पट्टा निघाला. आतला बुश उभा चिरलेला होता, हातात घेतल्यावर त्याचे दोन तुकडे झाले. डाव्या बाजूचा पट्टा निघाला, आणि बुशाच्या आधी तिच्या हातात एक काळी, चपटी पट्टी आली. दोन-तीन वेढे देऊन गुंडाळलेली. तिच्या खाली जुनाच, झिजून पातळ झालेला बुश.

ती सरकून बाहेर आली. यादोरावांनी पट्टी उजेडात धरली, बोटाने ताणली.

"सायकलची ट्यूब आहे." त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "कोणाचं काम होय हे?"

तिने सांगितलं.

"हे असं करतात, नाही म्हणत नाही. जंगलात गाडी अडली तं मीही केलं असतं, गावापर्यंत येण्यापुरतं. पण यावर पेशंट..." ते अंगणाच्या कडेला जाऊन थुंकले आणि परत आले. "नवे बुश भंडाऱ्यालेच मिळतीन. आण. जुना तुकडा नेजो संगं, दुकानदार दुसऱ्याच गाडीचा देते."

शनिवारी सकाळच्या एसटीने ती भंडाऱ्याला गेली, बुश घेतले, मग दवाखान्यात. शकुंतलाबाईंच्या हातातली नस बंद पडली होती. मानेत नळी टाकून तिच्यातून मशीन लावलं होतं. हाताचं नवीन ऑपरेशन करावं लागेल, तेही आधी सूज उतरल्यावर, असं डॉक्टर म्हणाले. शकुंतलाबाईंना मान वळवता येत नव्हती. त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "मलेही ऐकू येत होता, पोरी. मी काहून नाही बोलली कोणापाशी?"

हर्षा त्यांच्या पायांवर हात ठेवून बसली.

दुपारी यादोरावांच्या अंगणात तिने नवे बुश बसवले. रॅकचा भाग कपड्याने पुसून कोरडा केला, गंज घासून काढला. बुशाची चीर नीट जागेवर आली का हे यादोरावांनी वाकून पाहिलं. एकदा त्यांनी "उलटा बसवला, काढ" म्हणून सगळं पुन्हा काढायला लावलं. पट्टे आवळून झाल्यावर ते स्वतः खाली गेले, चारही बोल्ट पान्याने तपासले आणि काही न बोलता बाहेर आले. मग वरून स्टिअरिंग हलवून दाखवलं. रॅक जागचा हलला नाही. चाकं लगेच हलली. चाकांची रेषही त्यांनी दोरी लावून पाहून दिली.

तिथून हर्षा व्हॅन घेऊन थेट पिंटूच्या गॅरेजवर गेली. बाकावर तेच लोक होते. प्रितमही होता. तिने चिरलेला बुश, झिजलेला बुश आणि ट्यूबची पट्टी पिंटूच्या पुढ्यात, पान्यांच्या पत्र्यावर ठेवली.

"हे बदलवलेले बुश होत का?"

पिंटूने पट्टीकडे पाहिलं. खर्रा थुंकला. "वहिनी, त्या दिवशी बुश नव्हता माह्यापाशी. तात्पुरतं करून देल्लं."

"मंग बदलवले म्हणून काहून सांगतलं?"

"मी कुठं सांगतलं?" तो चिडला. "मी प्रितमले सांगतलं, हे चार दिवसांचं काम होय, भंडाऱ्यावरून बुश आणून दे, बसवून देतो. विचारा त्याले."

हर्षा प्रितमकडे वळली. तो जमिनीकडे पाहत होता.

"खरं होय का हे?"

"आणतोच म्हणत होतो, वहिनी. राहून गेलं. आवाज बंद झालता ना, मले वाटलं..."

"तू बदलवले म्हणून सांगतलं मले." ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणत होती. "आणि मंग इथं, या लोकांसमोर, आवाज माह्या कानात आहे म्हणाला. तुले ठाऊक होतं, आत ट्यूब आहे म्हणून."

"एवढं होईन असं नव्हतं वाटलं. मी स्वतःच चालवली ना गाडी, ठाऊक असतं तं चालवली असती का?"

"गाडी पाहिजे होती तुले. म्हणून गप्प होता."

तो मान फिरवून गॅरेजच्या मागे निघून गेला, आणि तेवढ्यावरून बाकावरच्या सगळ्यांना कळलं. हर्षाने पिंटूकडे पाहिलं. "आणि तू. त्या दिवशी ट्रॅक्टरखाली पडून ऐकत होता. तुलेही ठाऊक होतं."

"मले वाटलं, तुमच्या घरचं आहे. मधात कायले बोलू?"

तिचा हात पत्र्यावरच्या मोठ्या पान्यावर गेला. पिंटू एक पाऊल मागे सरकला. पान्याचं वजन तिला हाताला नीट जाणवलं. मग तिने तो सोडून दिला, बुश आणि पट्टी पुन्हा पदरात घेतली आणि गाडीत जाऊन बसली.

घरी तिने त्या तिन्ही वस्तू ओसरीवर सोमाजींच्या समोर मांडल्या आणि सगळं सांगितलं, आवाज न चढवता. सोमाजींनी पट्टी उचलली, खाली ठेवली. "झालं गेलं," ते म्हणाले. "घरची गोष्ट आहे. त्याले मी समजावतो."

"घरची कशी, मामाजी? शकुंतलाकाकूच्या मानेत नळी आहे."

तेव्हा सुंदरबाई बाहेर आल्या. त्यांनी कधी ओसरीवरच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. हातातलं पीठ तसंच होतं. "प्रितमनं जाऊन सांगावं तिले," त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. "आपल्या तोंडानं. नाही तं मी जाते सांगाले, आणि मंग मी घरी लवकर येत नाही."

सोमाजींनी बायकोकडे पाहिलं. "उद्या जाईन तो," ते म्हणाले.

रविवारी प्रितम भंडाऱ्याला गेला. हर्षानेच नेलं त्याला, मागच्या सीटवर बसवून. वॉर्डात त्याने खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सांगितलं. अडखळत, पण खोटं न बोलता. शकुंतलाबाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "बरं, सांगतलं. आता जा तू." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यानेही मागितली नाही. परतताना तो एसटीने आला.

सोमवारी सकाळी हर्षा दोन पेशंट घेऊन निघाली. पुढची सीट रिकामी होती. कालव्याजवळचं वळण आलं तेव्हा तिने वेग कमी केला, गरज नसताना. स्टिअरिंग फिरवलं, गाडी फिरली. बांधीत चाकांनी केलेले दोन चर अजून तसेच होते आणि त्यांत पाणी साचलं होतं. मागून एक पेशंट म्हणाला, "आता बरी चालते वो गाडी."

"हाव," हर्षा म्हणाली. तिचा जबडा अजून आवळलेलाच होता.